पूल नाही, मोरी

३ एप्रिल, सोमवार

एक चौकट! सकाळपासून राबले आणि उत्तर काय, तर एक चौकट!

अख्ख्या डोंगराचं पाणी नाल्यात येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि हा प्रोग्रॅम मला सांगतो की नाल्याला पाणी देते ती फक्त एवढीशी जागा – आमच्या स्वयंपाकघराएवढी. बाकीचा डोंगर काय शोभेला आहे? वर पुन्हा हिरवी अक्षरं – "काम यशस्वीरीत्या पूर्ण." डोंबलाचं पूर्ण!

शेजारच्या टेबलावरून बंद-चालू मान लांब करून बघत होता. त्याला खऱ्या नावाने आता कुणीच हाक मारत नाही. कुठलंही दुखणं असो, त्याचं औषध एकच – "बंद करून चालू करा." आजही म्हणाला, "मॅडम, एकदा बंद करून –" मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. आपल्या पडद्याकडे वळला बिचारा.

साहेबांसमोर छाती काढून मीच म्हटलं होतं, "पूररेषेचा नकाशा ना? द्या माझ्याकडे, करते की!" शेजारच्या गावात गेल्या वर्षी पाणी शिरलं, म्हणून वरून हुकूम आलाय. प्रत्येक गावाची पूररेषा आखायची. रेषेच्या आत जे येईल ते तांबड्या पट्ट्यात. तांबडा पट्टा म्हणजे घर रिकामं करायचं आणि गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत जाऊन राहायचं. चेष्टा नाही. वीस तारखेला बैठक. त्या दिवशी जो नकाशा टेबलावर असेल तो कायमचा.

आणि माझ्याकडे आज काय आहे? एक चौकट.

४ एप्रिल, मंगळवार

सापडलं! आणि माझं मी शोधलं, कुणाला विचारलं नाही!

झालं होतं असं – "इथून वर किती पाणी येतं ते मोज" म्हणून नकाशावर एक टिंब द्यावं लागतं. मी ते नाल्यावर दिलं. म्हणजे माझ्या डोळ्यांना जिथे नाला दिसतो तिथे. पण प्रोग्रॅमच्या हिशेबाने नाला होता शेजारच्या चौकटीत. माझं टिंब पडलं काठावर! मग तो बिचारा काठावरचं पाणी मोजून मोकळा झाला. त्याचं काय चुकलं? काठावर उभं राहून कुणाचे पाय भिजतात?

टिंब उचलून जवळच्या मोठ्या प्रवाहावर नेऊन बसवणारं एक बटण आहे. ते दाबलं. आणि अहाहा! पडद्यावर सगळा डोंगर उलगडला. बारीक ओहोळ, त्यांचे मोठे होतात, मोठ्यांचा नाला – हाताच्या शिरा दिसाव्यात तशा. मी खुर्चीतच टाळी वाजवली. बंद-चालू दचकला. त्याला माझ्यातर्फे चहा पाजला.

घरी आल्यावर नवऱ्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे टिंब हललं होतं." दोन दिवसांची मेहनत आणि याचं चार शब्दांत आटोपलं. तरी मी खूश आहे.

५ एप्रिल, बुधवार

आज गावातला प्रत्येक उतार एकोणनव्वद अंशांचा. शाळेचं मैदानसुद्धा! म्हणजे पोरं भिंतीवर खेळतात.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. उंचीचा नकाशा बंद-चालूने उतरवून दिला होता. त्यात उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर पृथ्वीच्या अंशांमध्ये. लांबी मैलात मोजायची आणि उंची वितीत, मग दुसरं काय होणार! सगळा नकाशा मीटरमध्ये आणला तेव्हा शाळेचं मैदान आडवं झालं.

बंद-चालू म्हणाला, "सॉरी मॅडम, मी आता –" म्हटलं, "तू आता बंदच हो." हसला. चांगला आहे मनाने.

७ एप्रिल, शुक्रवार

पूररेषा निघाली.

आईची गल्ली तांबडी.

तीनदा काढली. तिन्ही वेळा तेच. डोंगरावरून नाला उतरतो. वर्षभर कोरडा ठणठणीत, पण डोंगरात धो धो कोसळला की एक-दोन दिवस धिंगाणा. तो येऊन हमरस्त्याच्या भरावाला धडकतो – भराव चांगला दोन पुरुष उंच आहे – आणि पायथ्याने डावीकडे वळून, रस्ता जिथे खाली उतरतो तिथून पलीकडे, थेट आईच्या गल्लीत. शिंप्याचं दुकान, पिठाची गिरणी, आईचं घर, सगळं आत. चुकीची कुठे खूणही नाही. गणित आहे ते.

साहेबांना दाखवायला गेले. त्यांनी बोट ठेवलं. "ही तुमच्या माहेरची गल्ली ना?"

"हो."

"मग?"

"मग काय साहेब! रेषा जिथे पडली तिथे पडली."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. रडू येत होतं आणि स्वतःचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम. असं होऊ शकतं हे माहीत नव्हतं.

८ एप्रिल, शनिवार

गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली होती. शिंपीकाकांनी मशीन माळ्यावर चढवलंय आणि दोरीने बांधून टाकलंय. जमिनीवर बसून हाताने काजं करत होते. मला बघून म्हणाले, "पोरी, जरा आधी सांगितलं असतंस तर नवीन ऑर्डर घेतल्या नसत्या." राग नाही, काही नाही. तेच जास्त लागलं.

आईला मात्र राग! "पाणी? या गल्लीत? नळाला येईल तेव्हा खरं!"

"आई, पूर आल्यावर –"

"मी या घरात लग्न होऊन आले. तू इथे रांगलीस. दारात कधी घोटाभर पाणी बघितलंस?"

"आई, हे उंचीचं गणित आहे. तुमच्या ओट्यावरच्या गप्पा नाहीत."

बोलायला नको होतं. तिने हातातलं भांडं ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, "त्या यंत्राला म्हणावं, खुर्चीतून ऊठ आणि एकदा येऊन बघून जा. घर सोडायला मला माणसाने सांगायला हवं. यंत्राने नाही."

"मग मी सांगते ना!"

"तू नाही सांगत आहेस. तू वाचून दाखवते आहेस."

स्कूटरवर मागे बसून सगळा रस्ता रडले. नवरा एवढंच म्हणाला, "हेल्मेटची काच खाली कर, डोळ्यात धूळ जाईल."

१० एप्रिल, सोमवार

वाचून दाखवते आहेस म्हणे! नऊ वर्षं हेच काम करते आहे मी!

त्याच रागात सकाळी नकाशा उघडला आणि नाल्यावर बोट ठेवून वरपासून खाली आले, चौकट चौकट करत. डोंगरात नाला कसा नागमोडी येतो – इकडे दगड, तिकडे उतार, नाला म्हटल्यावर असायचंच. भरावाच्या थोडं अलीकडे पोचला आणि एकदम सरळ! फूटपट्टीने ओढल्यासारखा. मग भरावापाशी काटकोन. पुन्हा सरळ.

पाणी असं कवायत करत जातं का? मी हे शुक्रवारी बघितलं नव्हतं? बघितलं होतं. तेव्हा गल्लीचं नाव दिसलं आणि पुढचं काही दिसेनासं झालं.

कुठेतरी पाणी मुरतंय. अगदी शब्दशः.

११ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस माझा!

प्रोग्रॅमची पहिलीच पायरी असते खड्डे भरण्याची. त्याच्या मते जमिनीतला प्रत्येक खड्डा म्हणजे मोजणाऱ्याची चूक. मग तो खड्डे काठोकाठ भरून टाकतो, पाणी कुठे अडकायला नको म्हणून. बरं असतं ते बहुतेक वेळा. मी आज उलटा हिशेब केला – भरलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा केला. म्हणजे प्रोग्रॅमने नेमकं कुठे किती भरलं ते कळेल.

भरावाच्या मागे अख्खं तळं निघालं! माणूस बुडेल एवढं खोल. वरून नाला त्या तळ्यात पडतो, तळं भरतं आणि डाव्या कडेने सांडतं. सांडलेलं पाणी आईच्या दारात. म्हणून ती सरळ रेघ – तळ्यावर कसला उतार आणि कसलं वळण!

आता हवाई फोटो लावला. तळ्याच्या जागी काय आहे? भाजीचे वाफे! पिकं, विहीर, एक गोठा. कुणी तळ्याच्या तळाशी कोबी लावतं का? म्हणजे दरवर्षी पाणी येतं आणि निघून जातं. कुठून? उंचीची मोजणी विमानाने वरून केलेली. विमानाला रस्ता दिसला, रस्त्याच्या पोटात काय आहे ते कसं दिसणार! त्याला भराव म्हणजे आडवी भिंत. भरावाखालून वाट असणारच!

लगेच रस्ते खात्यात फोन लावला. त्या भागाचा जो अभियंता आहे तो आम्हा पाणीवाल्यांना आधीपासूनच पाण्यात पाहतो. तरी गोड आवाजात विचारलं, "अमुक ठिकाणी भरावाखाली पूल आहे का हो?"

"नाही."

"नक्की?"

"मॅडम, माझ्या हद्दीत पूल असेल आणि मला माहीत नसेल?"

१२ एप्रिल, बुधवार

पूल नाही म्हणे. मग कोबी काय पोहतात?

१३ एप्रिल, गुरुवार

बंद-चालूने रस्तेवाल्यांच्या यादीतले सगळे पूल माझ्या नकाशावर चढवून दिले, न सांगता. भरावावर एकही नाही. साहेब म्हणतात, "पुरावा आणा. फोटोतल्या कोबीवर मी सही करू शकत नाही." बरोबर आहे त्यांचं. पण चीड येते.

शनिवारी स्वतः जाऊन बघणार. यंत्र उठू शकत नाही, मी उठू शकते.

१५ एप्रिल, शनिवार

हात ओरबाडलेत, साडीऐवजी पँट घातली म्हणून पाय वाचले. पण सापडली! सापडली! सापडली!

नवऱ्याने स्कूटर वरती रस्त्याकडेला लावली. मी खाली उतरले. भरावाच्या पायथ्याला नुसतं काटेरी रान. चालत गेले, वाकून बघत गेले. एका जागी झुडपांतून गार वारा आला. एवढ्या उन्हात गार वारा कुठला? फांद्या बाजूला केल्या तर आत दगडी कमान! जुनी, चुन्यात बांधलेली, मी किंचित वाकून उभी राहू शकते एवढी. आत वाळू, तीवर पाण्याच्या घड्या अजून तशाच. आणि पलीकडच्या टोकाला उजेड!

मी आत शिरून ओरडले – "अगं बाई!" आतून तीनदा ऐकू आलं.

नवरा वरून बोंबलत होता, "बाहेर ये, साप असेल!" म्हटलं, "असू दे, त्यालाही पाणी कुठून जातं ते माहीत असेल!" टेप घेऊन खाली आला मग. रुंदी, उंची, या तोंडाची पातळी, त्या तोंडाची पातळी, सगळं घेतलं. पलीकडे कुणाची तरी गोदामं आहेत, मोरीचं तिकडचं तोंड त्या गोदामवाल्यांच्या कुंपणाआड उघडतं. मोठी पडीक जागा आहे, आत कोण जातंय बघायला! पाणी त्या जागेत पसरतं आणि पुढे नदीला जातं. इतकी वर्षं हेच चाललंय आणि गावाला पत्ता नाही.

तिथूनच रस्तेवाल्याला फोन लावला. "मी तुमच्या भरावाच्या पोटात उभी आहे. हे काय आहे मग?"

"कुठे? ती दगडी कमान? ती मोरी आहे."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला!"

"तुम्ही पूल विचारलात. पूल नाहीच तिथे. मोरी आहे."

"अहो, पाणी जातं ना खालून!"

"मॅडम, पूल वेगळा, मोरी वेगळी. एवढ्या रुंदीच्या आत असेल तर मोरी. पुलांची यादी वेगळी असते. मोरी विचारली असती तर मी मोरी सांगितली असती."

चेष्टा करत नव्हता! मनापासून सांगत होता! एका शब्दासाठी अख्खी गल्ली उठवायला निघाले होते हे लोक – हे लोक कशाला, मीच. मी हसायला लागले ती थांबेचना. नवऱ्याने बाटलीतलं पाणी दिलं.

आईला फोन केला. "आई, मोरी सापडली!"

"मोरी? तुंबली होती का?"

"घरातली नाही गं, रस्त्याखालची!"

"म्हणजे साहेबांनी तुला मोऱ्या बघायला ठेवलंय? यासाठी एवढं शिकवलं होय!" पण आवाजात हसू होतं. मी रागावले नाही. मग हळूच म्हणाली, "स्वतः गेलीस ना बघायला?"

१७ एप्रिल, सोमवार

नकाशातला भराव कापला. मोरी जिथून जाते तेवढ्याच चौकटी खाली नेल्या, मोजलेल्या पातळीला. सगळ्या पायऱ्या पुन्हा चालवल्या.

गल्ली तांबडीच! कपाळ माझं!

कापलाय, डोळ्यांना दिसतोय कापलेला, आणि नाला तरी डावीकडेच. बंद-चालूने तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. परवा बैठक नाही, तेरवा. साहेब दोनदा डोकावून गेले. जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

गाढव मी! शिकलेलं, पगारी गाढव!

भराव कापलेला नकाशा "अंतिम_नवा" म्हणून ठेवला होता. आणि प्रवाह चालवला "अंतिम" वर. शेजारी "अंतिम_खरा" आणि "आता_खरंच_अंतिम" अशाही दोन फायली होत्या, देव जाणे कुठल्या. म्हणजे काल दिवसभर मी न कापलेल्या भरावाला विचारत होते, तू कापलास का रे?

सगळ्या जुन्या फायली एका कोपऱ्यात हलवल्या. कापलेला नकाशा घेतला, खड्डे पुन्हा भरले, दिशा पुन्हा काढली, पाणी पुन्हा सोडलं. आणि बघत राहिले. नाला आला नागमोडी, भरावापाशी पोचला, आणि सरळ मोरीतून पलीकडे! तळं गायब. कोबी कोरडे. आईची गल्ली पांढरी स्वच्छ. तांबडं गेलं गोदामवाल्यांच्या पडीक जागेत, तिथे चिटपाखरू राहत नाही.

मी उभीच राहिले. बंद-चालूही उठून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, एक सुचवू? आता बंद करूच नका."

हसता हसता डोळे भरले. लोक म्हणतील, आईची गल्ली म्हणून वाचवली. म्हणू देत! मोरी मी बांधलेली नाही. ती आहे. मी फक्त नकाशाला सांगितलं की ती आहे.

२० एप्रिल, गुरुवार

आधी लिहून टाकते – मंजूर! साहेबांची सही, वरच्या साहेबांची सही, सगळ्यांच्या सह्या!

आता सावकाश. रस्तेवाला आला होता. पहिलंच वाक्य, "पूररेषेच्या नकाशात मोरी दाखवायची पद्धत नाही." मी म्हटलं, "पद्धत पाण्याला कळवलीत का?" दोघं-तिघं हसले. त्याला फार झोंबलं. पण मग मोजमापं दाखवली, फोटो दाखवले, तळं होतं तो नकाशा आणि तळं गेलं तो नकाशा शेजारी शेजारी लावले. शेवटी तोच म्हणाला, "पातळ्या बरोबर घेतल्यात." त्याच्या तोंडून हे म्हणजे पदकच!

वरचे साहेब म्हणाले, "गल्ली तुमच्या आईची आहे असं ऐकलं." माझ्या आधी आमचे साहेब बोलले – "पहिल्या नकाशात गल्ली तांबडी होती तेव्हाही ती यांच्याच आईची होती. तो नकाशाही यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवला." मला साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, तेवढी अक्कल आहे.

गोदामवाल्यांचा माणूसही होता, निळ्या शर्टातला. त्यांची जागा तांबडी झाली, तेव्हा वाटलं आता हा भांडणार. छे! अगदी शांत. सगळ्यांत लक्ष देऊन त्यानेच ऐकलं. मोरी नेमकी कुठे, रुंदी किती, पलीकडचं तोंड कुंपणापासून किती आत – सगळं विचारलं, टिपून घेतलं. एवढ्या आस्थेने आजवर कुणी माझं काम विचारलं नव्हतं. मी पेन्सिलने खूण करून दिली. साहेब म्हणाले, "छापील नकाशातही मोठ्या अक्षरांत घाला – मोरी."

घातलं. ठळक.

२३ एप्रिल, रविवार

गल्लीत गेले होते. काय वर्णावं!

शिंपीकाकांचं मशीन खाली आलंय. तेल घालून, पुसून, दारात. मला बसवलं आणि मापं घ्यायलाच सुरुवात केली – "पोरी, ब्लाउज शिवून देतो, नाही म्हणायचं नाही." गिरणीवाल्याने पट्टा थांबवून हात जोडले. बायका ओट्यावर जमल्या. "मग आम्हाला काही नाही ना गं?" मी पायरीवर उभी राहून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं – "तुमच्या गल्लीत पाणी येत नाही. कितीही पाऊस पडू दे, निर्धास्त झोपा!"

तोंडावर कौतुक करणं आईच्या रक्तातच नाही. चहा ठेवला, नेहमीपेक्षा जास्त साखर घातली. मी आतल्या खोलीत होते तेव्हा ती दारात दूधवालीला सांगत होती, "यंत्र नाही म्हणत होतं. माझी लेक काट्याकुट्यात स्वतः जाऊन बघून आली." दूधवालीने विचारलं, "काय बघून आली?" आई म्हणाली, "मोरी!" अशा थाटात, जणू मी देश जिंकून आले.

मी आत तोंडावर पदर – पदर कुठला, उशी धरून हसत होते. आणि रडत होते. पुरे आता. मी खूप, खूप खूश आहे.

२ मे, मंगळवार

नकाशा कचेरीच्या दारात लावला, काचेत. खाली बारीक अक्षरांत माझं नाव. जाता-येता बघत नाही असं दाखवते. आज बंद-चालूने पकडलं – "मॅडम, तिसऱ्यांदा चाललात पाणी प्यायला."

१६ मे, मंगळवार

दुसऱ्या तालुक्यातून फोन. त्यांचाही नाला काटकोनात वळतोय, काय करावं? म्हटलं, "रस्तेवाल्यांना फोन करा. आणि पूल विचारू नका, मोरी विचारा!"

मोठी झाले बुवा मी.

१२ जून, सोमवार

रस्तेवाल्याचा फोन. गोदामवाल्यांनी त्यांच्या बाजूने मोरी बुजवली. काँक्रीट ओतून. होऊन गेले बरेच दिवस, त्याला आज कळलं. म्हणाला, "तुमच्या नकाशावरून लगेच सापडली म्हणे त्यांना."

डोंगरात सकाळपासून धो धो आहे. भरावामागे आता खरंच तळं होणार. भरलं की डावीकडे सांडणार.

आईला फोन केला. गल्ली रिकामी करा म्हटलं, आत्ता, सगळ्यांना घेऊन वरच्या शाळेत जा. ती हसली. "अगं, निर्धास्त झोपा म्हणून तूच सांगून गेलीस ना? आता लोकांना काय सांगू? माझ्या लेकीचं चुकलं?"

"हो. तसंच सांग. पण आत्ता सांग."

निघाले.